चार लोकांपुढे बोलताना

ग्रामसभा, शेतीशाळा, महाविद्यालयातील चर्चासत्र, बँकेतील भेट, शाळेची वक्तृत्व स्पर्धा अशा निरनिराळ्या निमित्तांनी लोकांपुढे बोलण्याची वेळ आलेल्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेप्रमाणे वगळली आहेत. सभाधीटपणा अंगातच असावा लागतो, असे बहुतेक पत्रांत कोठे ना कोठे म्हटलेले आहे. ते मला मान्य नाही. ऐकणाऱ्याला काय हवे आहे हे आधी ठरवले, तर बोलणाऱ्याची निम्मी धास्ती कमी होते, असे माझे मत आहे आणि पुढील उत्तरे त्याच मताने लिहिली आहेत.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका गावाची सरपंच आहे. मासिक सभेत सदस्यांपुढे मला नीट बोलता येते. ग्रामसभेत मात्र उभी राहिले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि हातातला कागद इतका थरथरतो की तो लोकांना दिसेल या भीतीने मी टेबलावर ठेवून देते. मग ग्रामसेवक विषय वाचतात आणि उत्तरे माझे यजमान देतात. आता लोक मला काही विचारतसुद्धा नाहीत. येत्या २ ऑक्टोबरच्या सभेत मला स्वतः बोलायचे आहे. काय करावे?

उत्तर : ताई, तुम्ही वर्णन केलेली सगळी लक्षणे भित्रेपणाची नसून शरीराच्या एका साध्या प्रक्रियेची आहेत. अनेक डोळे एकदम आपल्याकडे वळले की शरीर त्याला धोका समजते, अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, लाळ कमी होते आणि स्नायू ताणले गेल्यामुळे हात कापू लागतात. वर्षानुवर्षे व्यासपीठ गाजवणाऱ्यांनाही हे होते. परंतु हा जोर सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि बोलणे सुरू राहिले की तो बहुधा दोनतीन मिनिटांत ओसरू लागतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. तुमची अडचण अशी झाली आहे, की तो ओसरण्याच्या आतच दरवेळी दुसरे कोणीतरी बोलणे हाती घेते आणि त्यामुळे तो ओसरतो हे पाहण्याची संधीच तुम्हाला मिळत नाही.

म्हणून सगळी तयारी त्या पहिल्या दोनतीन मिनिटांची करावी, आणि ती अशी करावी की त्या वेळात नवे काही सुचण्याची गरज पडू नये. आरंभीची चार वाक्ये आत्ताच पक्की करा. उदाहरणार्थ : "सर्वांना नमस्कार. आजच्या सभेपुढे पाच विषय आहेत. पहिला विषय पाण्याच्या टाकीचा आहे. मागच्या सभेत जे ठरले होते, त्यातले काय झाले आणि काय राहिले, ते मी सांगते." यात स्वागत आहे, सभेची रूपरेषा आहे आणि लोक ज्यासाठी आले तो विषयही आहे. थोर पुरुषांच्या नावांची माळ, सुविचार किंवा चारोळी यांपैकी काहीही लागत नाही. ही चार वाक्ये मनात घोकू नका. मोठ्याने म्हणा, आणि शक्य असल्यास समाजमंदिर रिकामे असताना तेथेच उभ्या राहून म्हणा. आरशापुढे सराव करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण आरशात माणूस स्वतःलाच पाहत राहतो. त्यापेक्षा अंगणवाडी सेविका किंवा गटातील एखादी मोकळ्या स्वभावाची मैत्रीण समोर बसवावी आणि "कुठं समजलं नाही, तेवढंच सांग," असे तिला म्हणावे.

कागद थरथरतो, याचा उपाय अगदी सोपा आहे. सुटा कागद हाताचा बारीकसा कंपही मोठा करून दाखवतो. तोच कागद जाड पुठ्ठ्याला किंवा फाइलला लावला तर काही दिसत नाही. अक्षर मोठे काढा आणि पूर्ण वाक्यांऐवजी विषयाचा शब्द, रक्कम आणि तारीख एवढेच लिहा. उभे राहण्यापूर्वी घोटभर पाणी प्या आणि दोनतीन वेळा श्वास सावकाश, लांबवून सोडा. आत घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, कारण लांब सुटणाऱ्या श्वासाने ठोके काहीसे मंदावतात.

राहिला यजमानांचा प्रश्न. ग्रामसभेचे अध्यक्षपद तुमच्याकडे आहे आणि अध्यक्षाने फर्डे भाषण करावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. विषय मांडणे, बोलणाऱ्याला संधी देणे आणि ठरले ते सांगणे एवढेच त्याचे काम असते. यजमानांशी घरीच बोलून घ्या आणि त्या दिवशी त्यांना टेबलाजवळ न बसता गावकऱ्यांमध्ये बसायला सांगा. ते शेजारी असतील तर लोकांची मान त्यांच्याकडेच वळणार, यात लोकांचाही दोष नाही. एखाद्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल, तर "याचा आकडा आत्ता माझ्याजवळ नाही, नोंद करून घेतली आहे, अमुक तारखेला फलकावर लावते," असे म्हणावे आणि त्या तारखेला तो खरोखरच लावावा. असे दोनदा घडले की लोक पुन्हा तुम्हालाच विचारू लागतील. कोणी आरडाओरडा केला, तर त्याच्याहून आवाज चढवू नये. त्याचे म्हणणे एका वाक्यात त्यालाच परत सांगावे आणि ते इतिवृत्तात घ्यायला लावावे.

आणखी एक सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात आहे. अनेक गावांत ती केवळ रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते, ही खेदाची गोष्ट आहे. तुम्ही ती खरी भरवा आणि तेच विषय त्याच क्रमाने तेथे मांडा. मोठ्या सभेपूर्वीचा तो तुमचा सराव होईल, शिवाय तेथे आलेल्या बायांपैकी काही जणी दुसऱ्या दिवशी समोर बसलेल्या असतील.

प्रश्न : लोणार तालुक्यातील शाळेत शिक्षक असून कार्यक्रमांचे सूत्रसंचालन माझ्याकडेच असते. माइक हाती घेतला की शिट्टी वाजते, नाहीतर प्रत्येक "प" आणि "भ" फुटतो. माइकवाला म्हणतो, तुमच्या आवाजाचा दोष आहे.

उत्तर : आवाजाचा दोष नाही. भोंग्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, म्हणून भोंगे नेहमी वक्त्याच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून असावेत आणि माइक हातात घेऊन भोंग्यासमोरून जाऊ नये. माइकच्या जाळीभोवती मूठ आवळून धरण्याची सवय काहींना असते, तीही सोडावी. माइक दांड्याला धरावा. "प", "फ", "भ" म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो. माइक तोंडासमोर न धरता हनुवटीजवळ चार बोटांच्या अंतरावर, किंचित तिरपा धरला की तो झोत वरून निघून जातो. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी माइकवर टिचक्या मारून "हॅलो, हॅलो" करण्यापेक्षा निवेदनाचेच पहिले वाक्य म्हणून पाहावे आणि एका विद्यार्थ्याला मैदानाच्या टोकाला उभे करून त्याला ऐकू येते का, ते विचारावे.

प्रश्न : मी हिंगणघाट तालुक्यात कृषी सहायक आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीवर माझे तीस-पस्तीस स्लाइडचे सादरीकरण आहे. माहिती अचूक आहे, चित्रे आहेत, तरीही शेतकरी जांभया देतात, काही जण मधूनच उठून जातात आणि शेवटी प्रश्न कोणीच विचारत नाही. सादरीकरण आकर्षक कसे करावे?

उत्तर : आकर्षक करण्याच्या नादी न लागता ते आधी लहान करावे, असे सुचवतो. पस्तीस स्लाइडमध्ये किडीचे शास्त्रीय नाव, तिचा जीवनक्रम, देशातील प्रसार, औषधांची यादी आणि योजनांची माहिती, असे सगळेच आले असणार. दिवसभर डवरणी-फवारणी करून आलेल्या माणसाने त्यातले नेमके काय घरी न्यावे, हे तुम्ही ठरवलेले नाही, म्हणून तोही ठरवू शकत नाही. एका बैठकीत त्याने एकच काम शिकावे असे धरून चला, उदाहरणार्थ मादीच्या गंधाने बोंडअळीच्या नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावून पतंग मोजणे. एकरी दोन सापळे, पीक साधारण दीड महिन्याचे झाल्यावर लावायचे, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तर उपाय करण्याची वेळ आली असे समजायचे. एवढ्या गोष्टीला पंधरा मिनिटे पुरतात आणि ती ऐकणाऱ्याच्या लक्षातही राहते.

प्रोजेक्टरवर फार विसंबू नये. दिवसा समाजमंदिराच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात पडद्यावरचे काही दिसत नाही आणि संध्याकाळी वीज केव्हा जाईल, याचा नेम नसतो. तुमच्याजवळ त्याहून चांगले साधन शेतातच उभे आहे. सभेला जाताना वाटेतल्या वावरातून, मालकाला विचारून, चारपाच डोमकळ्या तोडून न्या आणि त्या पहिल्या रांगेतील शेतकऱ्यांच्या हाती द्या. पाकळ्या पिळवटून एकमेकींना चिकटलेले, न उमललेले ते फूल प्रत्येकाने पाहिलेले असते, पण ते उघडून पाहणारे थोडे असतात. त्यांनाच नखाने पाकळ्या सोडवायला लावा आणि आत अळी सापडली की ज्याच्या हातात ती आहे त्यालाच सांगू द्या. पुढे हिरव्या बोंडांची वेळ आली, की वीस बोंडे न्या, ती तेथेच फोडा आणि किती बोंडांत अळी निघाली, ते मोजायचे काम श्रोत्यांकडे सोपवा. "एवढी निघाली, आता काय करायचे?" हा प्रश्न मग त्यांच्याच तोंडून येईल. प्रश्न विचारायला लोक लाजतात, असे आपण म्हणतो खरे, पण पस्तीस स्लाइडनंतर विचारण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरलेले नसते.

आरंभ कोठून करावा, याचाही विचार करा. लोक सभेला येतात तेव्हा त्यांच्या मनात एक प्रश्न आधीच असतो आणि त्याला वक्त्याने हात घातल्याशिवाय ते पुढचे ऐकत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दीर्घ भाषण केले. या कार्यासाठी नागपूरच का निवडले, याविषयी तेव्हा तर्कवितर्क चालले होते. बाबासाहेबांनी भाषणाच्या आरंभी तोच प्रश्न घेतला, त्याचे उत्तर दिले आणि धर्मांतराची सविस्तर मीमांसा त्यानंतर केली. तुमच्या श्रोत्यांच्या मनातला प्रश्न मला दिसतो तो असा : बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदललेल्या बीटी बियाण्याला एवढे पैसे मोजूनही अळी का येते? २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले, पुढे गुलाबी बोंडअळी त्यांनाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने तिचा तडाखा सोसला. हे तुम्ही पाच वाक्यांत, कोणाची बाजू न घेता सांगितले, तर समोरचा शेतकरी सापळ्यांविषयी ऐकायला तयार होईल. ते टाळून थेट सापळ्यांवर आलात, तर तो मनातल्या मनात तुमच्याशी भांडत बसेल.

जांभयांचे आणखी एक कारण वेळेत असू शकते. तुमच्या कार्यालयाच्या सोयीची दुपारची वेळ ही त्यांची विसाव्याची असते. सकाळी वावरात जाण्यापूर्वी पारावर किंवा संध्याकाळी दूध घालायला लोक जमतात तेथे वीस मिनिटे मागून पाहा.

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातला असून शहरातील महाविद्यालयात एम.एस्सी. करतो. चर्चासत्रात बोलताना तोंडून "मले", "तुले", "काहून" असे शब्द गेले की मुले हसतात. त्यामुळे मी आता बोलणेच टाळतो. वऱ्हाडी लहेजा घालवण्यासाठी काय करावे?

उत्तर : लहेजा घालवण्याची काहीही गरज नाही. तुमच्या शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा उभ्या महाराष्ट्रात कीर्तने करीत हिंडले ते आपल्या वऱ्हाडी बोलीतच, आणि शहरांतील शिकलेली माणसेही ती ऐकायला गर्दी करीत. श्रोत्याला प्रश्न विचारायचा, उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचायचा, ही त्यांची रीत होती. तिच्यासमोर भाषेच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न कोणाला सुचत नसे.

तरीही चर्चासत्र हे परीक्षेचे अंग आहे आणि तेथे प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत बोलण्याची अपेक्षा असेल तर ती पाळणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी सबंध बोलणे बदलू नका. वाक्याचा शेवट आणि सर्वनामे एवढ्यांकडेच लक्ष दिले तरी पुरे होते, कारण "मला", "तुला", "कशामुळे" एवढे जागेवर आले की उरलेला सूर ऐकणाऱ्याला खटकत नाही. माझा अंदाज असा आहे, की तुमची खरी अडचण बोलीत नसून वेगात असावी. हसतील या धास्तीने माणूस भरभर बोलतो, शब्दांचे शेवट गिळतो आणि मग सवयीचा शब्द आपोआप बाहेर पडतो. मोबाइलवर आपले दहा मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा परका वाटेल, कारण एरवी आपण तो कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. त्याकडे दुर्लक्ष करून कोणत्या ठिकाणी घाई झाली, तेवढे टिपून ठेवा. विषयातील अवघड पारिभाषिक शब्द वेगळे काढून मोठ्याने म्हणा. आणि चुकून "मले" गेलेच, तर थांबून दुरुस्ती करू नका, पुढे चला. थांबलात की हसणाऱ्याला सवड मिळते.

प्रश्न : साकोली तालुक्यातील आमचा बचत गट जवसाची चटणी आणि मोहाचे लाडू करून विकतो. यंत्रासाठी कर्ज हवे आहे. बँकेच्या साहेबांपुढे गटाच्या वतीने मी पाच मिनिटे बोलावे असे ठरले आहे. मागच्या वेळी मी गटाची सगळी हकिकत सांगत बसले आणि साहेब घड्याळ पाहू लागले.

उत्तर : साहेबांना तीन गोष्टी ऐकायच्या असतात : किती रक्कम हवी, कशासाठी हवी आणि ती परत कशी येईल. त्या पहिल्या मिनिटात सांगून टाका. बचत गट म्हणजे काय, हे त्यांना समजावण्याची गरज नाही; नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम १९९२ मध्ये सुरू केला, तेव्हापासून बँकेच्या टेबलावर असे शेकडो प्रस्ताव येऊन गेले आहेत. समजा, किलोमागे साठ रुपये सुटतात आणि महिन्याला ऐंशी किलो माल जातो, तर ४,८०० रुपये हाती येतात. हप्ता २,००० रुपयांचा असेल तर तो देऊनही २,८०० रुपये उरतात. तुमचे खरे आकडे याच क्रमाने मांडा आणि दिवाळीत खप किती वाढतो व पावसाळ्यात किती उतरतो, हेही न विचारताच सांगा. पडती बाजू स्वतःहून सांगणाऱ्यावर बँकेचा विश्वास लवकर बसतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब हे सगळे नियमित आहे, असे तोंडी सांगण्यापेक्षा रजिस्टर उघडून पुढे ठेवावे. बोलताना शेजारी सचिव ताईंना बसवा, आकडा अडला तर त्या सांगतील. चटणीची पुडी मात्र शेवटी द्या. सुरुवातीलाच दिली, तर पाच मिनिटे चवीच्या गप्पांत जातात.

प्रश्न : आम्ही देऊळगाव राजा तालुक्यात राहतो. माझी मुलगी सातवीत आहे. जिजाऊ जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी गुरुजींनी लिहून दिलेले भाषण ती तोंडपाठ करते, घरी घडाघडा म्हणते आणि स्पर्धेत मध्येच अडकली की रडत खाली येते. पाठांतर आणखी पक्के कसे करावे?

उत्तर : पाठांतर पक्के करून हा प्रश्न सुटणार नाही. तोंडपाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याला धरून आठवते, म्हणून एक शब्द निसटला की पुढचे सगळेच हातचे जाते. शिवाय "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून सुरू होणारी ती भाषणे इतकी एकसारखी असतात की परीक्षकही तिसऱ्या मुलानंतर कंटाळतात. तिच्याकडून वाक्ये पाठ करून न घेता प्रसंगांचा क्रम पाठ करून घ्या. सिंदखेडराजा तुम्हाला जवळच आहे. १२ जानेवारीला तेथे फार गर्दी असते, म्हणून त्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी तिला लखुजी जाधवांच्या राजवाड्यात घेऊन जा आणि तिने तेथे काय पाहिले, ते परतीच्या वाटेवर तिलाच सांगू द्या. मध्ये दुरुस्त्या करू नका. त्या सांगण्यातील चारपाच गोष्टी निवडून तिनेच एका कागदावर एकेका शब्दात लिहाव्यात. दरवेळी त्या शब्दांवरून ती थोडी वेगळी वाक्ये बोलेल, आणि तसे होणेच योग्य आहे. पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र ठरलेले असावे. शेवटचे यासाठी, की वेळेची घंटा वाजली तर कोठेही असली तरी तिला तेथून सरळ त्या वाक्यावर जाता येईल. गुरुजींना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांनी दिलेले भाषण बाजूला ठेवल्याचे त्यांना स्पर्धेच्या दिवशी कळेल आणि बोलणी मुलीला बसतील.